पाच लाख नको, सहीही करणार नाही: आत्या येडी की आम्ही?

चिंचोका (धागाकर्ता)

महिनाभर डोक्यात घोळतंय ते इथं टाकतोय, लांबलंय, सांभाळून घ्या.

गावाकडं हायवेला लागून आमची दोन एकर आहे. आजोबा 2009 ला गेले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली, बाबा, काका आणि आत्या. मागच्या वर्षी एक गोडाऊनवाला एकरी साठ लाखाला तयार झाला, म्हणजे एक कोटी वीस लाख. घरात ठरलं की आत्याला पाच लाख आणि एक पैठणी द्यायची आणि हक्कसोडवर, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदावर, सही घ्यायची. ठरवलं बाबा-काकांनी, पण मीही तिथंच चहा पीत बसलो होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आता खोटं कशाला बोलू.

आत्या नाही म्हणाली. बरं किती पाहिजे ते पण सांगेना. भांडण नाही, कोर्टाची धमकी नाही, नुसतं 'मी सही करणार नाही'. तीन महिने वाट बघून पार्टीने रस्त्यापलीकडची जमीन घेतली. आज आमच्यात बाभळी आणि समोर त्याची निळ्या पत्र्याची शेड. आत्याच्या घराचं छत गळतं हो, पावसाळ्यात तिच्या स्वयंपाकघरात तीन पातेली मांडलेली असतात, पाच लाखात काय काय झालं असतं. घरात एकच वाक्य, 'स्वतःचं पण नुकसान केलं आणि आमचं पण'.

मग परवा एक प्रयोग वाचला. 1982 साली जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला, नाव अल्टिमेटम गेम. दोन अनोळखी माणसं. एकाच्या हातात समजा 100 रुपये देतात आणि सांगतात, दुसऱ्याला यातले किती द्यायचे ते तू ठरव. दुसऱ्यानं 'हो' म्हटलं तर तशी वाटणी, 'नाही' म्हटलं तर दोघांनाही शून्य. घासाघीस नाही, दुसरी संधी नाही. हिशोबानं बघितलं तर दुसऱ्यानं एक रुपया मिळाला तरी घ्यावा, शून्यापेक्षा बराच ना. पण माणसं तसं वागतच नाहीत. देणारे बहुतेक चाळीस-पन्नास देतात आणि कोणी वीसच्या खाली दिलं तर साधारण निम्मे लोक सरळ लाथ मारतात. म्हणजे पदरचे पैसे घालून समोरच्याला धडा शिकवतात.

हे वाचलं आणि पैठणीच आठवली. प्रश्न असा की हा येडेपणा आहे का? का आत्याला असं काहीतरी दिसत होतं जे आम्हाला दिसलं नाही?

टांगेवाला

एक कोटी वीस लाखातले पाच म्हणजे 4 टक्के आणि वर पैठणी. आत्याबाईंना माझा दंडवत सांगा. पैठणी परत केली का ठेवून घेतली तेवढं सांगा, सगळं त्यावर आहे.

चिंचोका

@टांगेवाला परत केली. घडी पण मोडली नव्हती.

वकीलीणबाई

तुमची उपमाच चुकली. त्या खेळात पैसे दोघांच्याही बापाचे नसतात, प्रयोगवाल्यानं वरून टाकलेले असतात. इथं एक तृतीयांश आत्याचाच आहे. हिंदू वारसा कायद्यात 1956 पासून बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वारस. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रानं 22 जून 1994 पासून लग्न न झालेल्या मुलींना बरोबरीनं आणलं, मग केंद्रानं 9 सप्टेंबर 2005 पासून सगळ्या मुलींना, आणि बाप 2005 ला हयात होता का हा घोळ सुप्रीम कोर्टानं 2020 ला मिटवला. तुमचे आजोबा तर 2009 ला गेले, म्हणजे शंकेला जागाच नाही.

तर तुम्ही तिला तुमच्या खिशातले 4 रुपये देत नव्हता, तिच्या 33 मधले 4 तिलाच देऊन 29 ठेवून घेत होता. याला ऑफर म्हणत नाहीत.

कडीपत्ता

वकीलीणबाई +१००

पेनसिल

कायद्याचं बरोबर आहे पण मला गेममध्येच जास्त रस आहे, माझं शिक्षण याच्या आसपासचं. इथं एक अडचण आहे. अल्टिमेटम गेमवर जुना आक्षेप असा की दहावीस डॉलरसाठी कोणीही स्वाभिमान दाखवेल, मोठी रक्कम ठेवा आणि मग बघा. तर तशी ठेवून बघितली, आणि ती पण आपल्या देशात. ईशान्य भारतातल्या खेड्यांत अँडरसन, एर्ताच, ग्नीझी, हॉफमन आणि लिस्ट या पाच जणांनी 20, 200, 2000 आणि 20000 रुपये अशा चार पायऱ्यांवर हाच खेळ घेतला, निष्कर्ष 2011 ला छापून आले. 20000 म्हणजे तिथल्या माणसाची 1600 तासांची मजुरी! देणाऱ्यांनी तिथं टक्केवारी कमी ठेवली आणि घेणाऱ्यांनी? वरच्या पायरीवर जवळपास कोणीच नाकारलं नाही.

त्या हिशोबानं आत्यानं पाच लाख घ्यायला पाहिजे होते. गळक्या छताच्या बाईला पाच लाख म्हणजे वरचीच पायरी. तरी नाही घेतले. म्हणजे 'कमी वाटा मिळाला म्हणून राग' एवढ्यावर ही केस सुटत नाही, अजून काहीतरी आहे.

नवी_मुंबईकर

या सगळ्या प्रयोगांवर किती विश्वास ठेवायचा? 2015 ला मानसशास्त्रातले 100 प्रयोग परत करून बघितले तर जेमतेम 36 टक्क्यांत पहिल्यासारखा ठोस निकाल आला. स्टॅनफर्डच्या तुरुंगाच्या प्रयोगाचं, पोरांना कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं तो, काय झालं माहितीये, पहारेकऱ्यांना कडक वागा म्हणून आधीच फूस होती. कॉलेजची पोरं पकडायची, पिझ्झाचे पैसे द्यायचे आणि म्हणायचं 'मानवी स्वभाव असा असा असतो'.

पेनसिल

@नवी_मुंबईकर शंका रास्त आहे, पण नेमका हा खेळ त्या यादीतला नाही, हा बहुतेक ठिकाणी घ्या, साधारण तसाच निकाल निघतो. आकडा मात्र बदलतो आणि खरी मजा तिथंच आहे. कॉलेजच्या पोरांबद्दलचा तुमचा आक्षेप जोसेफ हेन्रिकलाही होता. तो पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांकडे गेला तर तिथं देणारे सरासरी 26 टक्केच देत होते आणि घेणारे खुशाल घेत होते, नाकारणारा जवळपास कोणी नाही. त्यांचं म्हणणं काय तर नशिबानं तो देणारा झाला, मी घेणारा, त्यात रागवायचं काय. मग पंधरा छोट्या समाजांत हेच करून बघितलं. इंडोनेशियातल्या लामालेरा गावात लोक होड्या घेऊन देवमासा मारतात, एकट्यानं होणारं कामच नाही ते, आणि मासा कापला की कुणाचा कुठला तुकडा हे आधीपासून ठरलेलं. तिथं देणारे सरासरी 58 टक्के देत होते, अर्ध्याहून जास्त!

आणि माझा सगळ्यात आवडता भाग, पापुआ न्यू गिनीतले आऊ आणि ग्नाऊ लोक. तिथं काहींनी अर्ध्यापेक्षा जास्त देऊ केलं आणि समोरच्यानं तेही नाकारलं. कारण तिथं न मागता आलेली भेट घेतली की माणूस बांधला जातो, देणारा कधी आणि काय परत मागेल त्याचा नेम नाही.

कडीपत्ता

मिंधेपण म्हणतात त्याला आपल्यात. पापुआला जायची गरज नाही, कुठल्याही लग्नातला आहेर बघा, वहीत लिहून ठेवतात, कुणी किती घातले ते.

आता माझं सांगते. मी सही केली आहे. अकरा वर्षं झाली. वडील गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावानं कागद पुढं केला, मी विचारलं पण नाही कशाचा आहे, माहिती होतंच. मावशी शेजारी बसली होती, ती म्हणाली, कर गं, माहेर उघडं राहतं. खरंच राहिलं उघडं. भाऊबीजेला जाते, हजाराची नोट असायची, आता पाचशेच्या दोन असतात, वहिनी डबा भरून देते. पण त्या घरात पाण्याचा ग्लास घ्यायला स्वयंपाकघरात गेले तरी पाहुण्यासारखी जाते. हे कुणाला सांगितलेलं नाही आजपर्यंत, इथं टोपणनाव आहे म्हणून लिहितेय.

चिंचोका, तुमच्या आत्याला हे सगळं माहिती असणार. वाटा मागितला की भाऊ तुटतो आणि सही केली की आपण आतून तुटतो. तिनं मागितलंही नाही आणि दिलंही नाही. मला नाही जमलं ते.

पेनसिल

@कडीपत्ता यावर लगेच काही बोलू नये असं वाटलं, पण जोडून एक अभ्यास आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत कार्ला हॉफ, मयुरेश क्षेत्रमाडे (हो, आपलंच आडनाव) आणि अर्न्स्ट फेर यांनी बघितलं की आपल्या जातीच्या माणसाला कोणी फसवलं तर तिसरा माणूस स्वतःचे पैसे खर्चून फसवणाऱ्याला दंड करतो का. वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींतले करत होते, दडपल्या गेलेल्या जातींतले बरेच कमी करत होते. ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या अन्याय झाला तेच कमी चिडले, असं कसं? मला वाटतं 'मी चिडलो तर चालतं' हे सुद्धा कुणीतरी आधी शिकवावं लागतं. 'हे वागणं मला चालणार नाही' म्हणायची सवय सगळ्यांना सारखी लागलेली नसते.

टांगेवाला

अवांतर: आमच्या सोसायटीत उलटी गंगा आहे. जो माणूस फुकट राबतो, टाकीवर चढून बॉलकॉक बदलतो, टँकरवाल्याशी रात्री अकराला भांडतो, त्यालाच मीटिंगला शिव्या. मेंटेनन्स थकवणारे मजेत मागच्या खुर्च्यांवर.

पेनसिल

@टांगेवाला यावर पण काम झालंय, हसू नका. गटानं मिळून हंडी भरायची, कोण किती टाकतो ते दिसतं, आणि स्वतःचे थोडे पैसे घालवून दुसऱ्याला दंड करता येतो. फेर आणि गेख्टर यांनी 2000 च्या सुमारास दाखवलं की दंडाची सोय नसेल तर हंडी हळूहळू रिकामी होत जाते आणि सोय दिली की भरते, कारण फुकटे सरळ होतात. सगळे खूश. मग 2008 ला हेरमान, थ्योनी आणि गेख्टर यांनी हेच 16 शहरांत केलं, भारतातलं एकही नव्हतं, तर अथेन्स, मस्कत अशा ठिकाणी लोक जास्त टाकणाऱ्यालाच दंड करताना दिसले. मोठा आलाय शहाणा, आम्हाला लाजवतोय. तुमचा बॉलकॉकवाला तोच.

टांगेवाला

बॉलकॉकवाला मीच आहे हो.

नवी_मुंबईकर

हाहा. धागा भरकटतोय, आत्यावर या.

अडगुलं

आत्यावर येते. फाल्क, फेर आणि फिशबाखर यांचा 2003 चा एक छोटा प्रयोग आहे. दहातले आठ मला, दोन तुला, ही ऑफर तीच ठेवली, फक्त देणाऱ्याकडे दुसरा पर्याय काय होता तेवढं बदललं आणि ते घेणाऱ्याला दिसत होतं. दुसरा पर्याय पाच-पाच होता तेव्हा आठ-दोन 44 टक्के लोकांनी नाकारलं. दुसरा पर्याय दहा-शून्य होता, म्हणजे आठ-दोन ही त्यातल्या त्यात बरी होती, तेव्हा जेमतेम 9 टक्क्यांनी. रक्कम तीच, दोनच. म्हणजे माणूस नुसते पैसे मोजत नाही, समोरच्याला काय करता आलं असतं आणि त्यानं काय केलं ते मोजतो. हीच ऑफर माणसाऐवजी कॉम्प्युटरकडून आली तर लोक कमी नाकारतात हेही बघितलेलं आहे. मशीनवर काय रागवायचं.

आता सांगा चिंचोका, तुमच्या बाबांच्या हातात पर्याय काय काय होते? चाळीस-चाळीस-चाळीस होता की नाही? आणि आत्याला तो दिसत होता की नाही?

चिंचोका

@अडगुलं होता. दिसत होता. सातबारा तिच्याकडं पण आहे.

बाबांची बाजू पण मांडतो, नाहीतर मी एकटाच त्यांना इथं उभं करून बदडतोय असं व्हायचं. त्यांचं म्हणणं, आत्याच्या लग्नाचं कर्ज आम्ही सात वर्षं फेडलं, आजी-आजोबांचं दुखणंखुपणं आम्ही काढलं, शेतात राबलो आम्ही, ती दिवाळीला येऊन जाणार. त्यांच्या डोक्यात वाटणी कष्टाच्या हिशोबानं आहे आणि त्या हिशोबात पाच लाख म्हणजे दिलदारी. ते खोटं बोलत नाहीत हो, त्यांना खरंच तसं वाटतं.

बांधावरचा

मी पुरंदर तालुक्यातला, म्हणून एक सांगतो. 'कशाच्या हिशोबानं वाटायचं' यावरच आमच्याकडं अख्खी चळवळ झाली. 72 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे, इंजिनिअर माणूस, नायगावला आले आणि पाणी पंचायत उभी केली. तोपर्यंतचा हिशोब सरळ होता, ज्याची जमीन त्याचं पाणी, ज्याची जास्त त्याचं जास्त. त्यांनी म्हटलं पाणी जमिनीला नाही, माणसाला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंब कितीही मोठं असो अडीच एकराच्या वर नाही, ऊस अजिबात नाही, आणि ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. लोक म्हणाले भूमिहीन पाणी घेऊन करणार काय, डोक्यावर ओतणार? तर तो दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं पिकवणार. पाण्याचा हक्क असला की तो हात जोडून नाही, बरोबरीनं बोलायला बसतो.

सगळीकडं टिकलं असं नाही म्हणणार, आज कालव्याचं पाणी आलं तिथं काय लावलंय ते तुम्हीच येऊन बघा. पण लोक कमी पाण्यावर राजी झाले होते, कारण नियम सगळ्यांना सारखा होता आणि समोर बसून ठरवला होता. तुमच्याकडं कष्टाचा हिशोब असेल तर असू दे की, पण तो आत्याला बसवून मांडला का? तिनं लग्नाआधी शेतात काय केलं ते धरलं का त्यात?

वकीलीणबाई

बांधावरचा, झकास. आणि लग्नाचा खर्च वाट्यातून वळता होत नाही, हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी बोलते.

कडीपत्ता

मला विचारायचंय, पाच लाख रोख देणार होता का 'देऊ'?

चिंचोका

@कडीपत्ता दोन सहीच्या दिवशी, तीन पार्टीचे पैसे आल्यावर. आणि बाबा म्हणाले होते की तुझ्या पोराच्या लग्नात बघू अजून काहीतरी.

कडीपत्ता

'बघू'. झालं तर मग. मी पंधरा वर्षं भिशी चालवते, बारा बायका, दोन हजाराची. पहिला नंबर ज्या बाईला लागतो तिला बाकीच्या अकराजणी उधार देत असतात, कागद नाही, सही नाही. आजपर्यंत एकदाच बुडाली, आणि जिनं बुडवली ती आजही समोरून आली की मी रस्ता बदलते, ती नाही, मी. विश्वासाचं असं असतं. सही झाल्यावर आत्याच्या हातात काय राहिलं असतं? भावाचा शब्द. आणि शब्द देणाऱ्यानं सातबारा समोर असताना चार टक्के काढलेले.

पेनसिल

कडीपत्तांनी सांगितलं ते बर्ग, डिकहॉट आणि मॅककेब यांनी 1995 ला खेळ करून मोजलं होतं. एकाकडं 10 डॉलर, तो अनोळखी माणसाला हवे तेवढे पाठवतो, वाटेत ते तिप्पट होतात, परत किती द्यायचे ते त्या दुसऱ्याच्या मर्जीवर. 32 पैकी 30 जणांनी काहीतरी पाठवलं, सरासरी पाच डॉलरच्या वर. अनोळखी माणसावर एवढा विश्वास! आणि चिंचोकांच्या बाबांकडं तर सख्खी बहीण.

शेवटचा एक, मग थांबतो. शिआओ आणि हाउझर यांनी 2005 ला अल्टिमेटम गेममध्ये एकच बदल केला. घेणाऱ्याला उत्तराबरोबर समोरच्याला चिठ्ठी लिहायची मुभा. 'हावरट आहेस' लिही, काय वाटेल ते लिही. वीस टक्के किंवा त्याहून कमीची ऑफर चिठ्ठीशिवाय 60 टक्के लोक नाकारत होते, चिठ्ठी लिहू दिली तर 32 टक्के. म्हणजे नाकारणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्यांना पैसे जाळायचेच नव्हते, बोलायचं होतं, आणि बोलायला दुसरी जागा नव्हती म्हणून 'नाही' म्हणावं लागलं.

आत्यानं 'किती पाहिजे' सांगितलं नाही म्हणता, पण तुमच्यापैकी कोणी 'काय वाटलं' विचारलं का?

नवी_मुंबईकर

हा आकडा मला आवडला. बाकी शंका कायम.

चिंचोका

चार दिवस इथं आलो नाही कारण शनिवारी आत्याकडं गेलो होतो. बाबांना न सांगता.

पातेली होतीच. तिनं आधी जेवायला वाढलं, पिठलं-भाकरी आणि खर्डा, प्रयोगबियोग काही बोललो नाही, नुसतं म्हटलं की आत्या, त्या दिवशी काय झालं होतं. ती म्हणाली, काही नाही रे. मग भांडी घासून आली, हात पुसले आणि देवाच्या फोटोमागून कागद काढला. हक्कसोडची झेरॉक्स. बाबांनी टाईप करूनच नेला होता, मला माहितीच नव्हतं. मला म्हणाली वाच. मी वाचला. त्यात होतं की 'मी माझ्या भावांवरील प्रेमापोटी, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय माझा हक्क कायमचा सोडून देत आहे'. आत्यानं 'प्रेमापोटी'वर बोट ठेवलं, तिथं कागद मळलेला होता, बऱ्याच वेळा ठेवलं असणार. म्हणाली, हे माझं वाक्य आहे ना? मग मला न विचारता कोणी लिहिलं? पैसे कमी दिले असते आणि म्हणाला असता की ताई मला जास्त पाहिजेत, तर केली असती सही. दादाला मागता येत नाही, घेता येतं.

मी विचारलं, आता परत कोणी पार्टी आली तर? म्हणाली, तुझ्या बापाला म्हणावं कोरा कागद घेऊन ये, मी पण येते, तिघं बसून लिहू. आणि चहा तू कर.

@वकीलीणबाई, व्यनि (खासगी निरोप) केलाय. हक्कसोड न करता तिघांच्या नावानंच विक्री करायची तर काय काय लागतं तेवढं सांगाल का? बाबांशी अजून बोललो नाहीये. रविवारी बोलणार आहे, आधी आईला गाठून.